टॅपेट कधी लावायचे

सगळे त्याला थंडोबा म्हणत, आणि अगदी तोंडावर म्हणत. त्याबद्दल वाईट वाटून घेण्याइतकं त्याचं डोकं कधी तापतच नसे. गॅरेजच्या पाटीवर नाव दुसरंच होतं, पण ती पाटी धुराने इतकी काळवंडली होती की ज्याने ती रंगवली त्यालाही आता वाचता आली नसती. आणि पाटी वाचून तिथे येतं कोण? "थंडोबाकडे ने" एवढं सांगितलं की ड्रायव्हर मंडळी लाकडाच्या वखारीपाशी बरोबर वळत आणि गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या छपरासमोर येऊन हॉर्न देत.

हॉर्नचा काही उपयोग नसे. थंडोबा आपल्या चालीनेच बाहेर येई, फडक्याला हात पुसे आणि बॉनेटवर पालथा पंजा ठेवी, आजारी मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. मग म्हणे, "तापलीय. राहू दे इथंच. उद्या सकाळी बघतो."

"अहो, नुसते टॅपेट तर लावायचेत!"

"म्हणून तर म्हणतो, उद्या."

टॅपेट ही काय भानगड आहे हे इथेच सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. इंजिनात झडपा असतात, गॅरेजवाले त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. त्या उघडतात आणि मिटतात, म्हणून हवा आत जाते आणि धूर बाहेर पडतो. प्रत्येक झडपेला वरून दाबणारा एक लहानसा लोखंडी हात असतो. हा हात आणि झडप यांच्यामध्ये जाड कागद जाईल एवढी फट ठेवावी लागते. इंजिन तापलं की लोखंड वाढतं, आणि त्याला वाढायला जागा लागते. ही फट नेमकी ठेवणं म्हणजे टॅपेट लावणं. फट वाढली की इंजिन टकटक करतं. कमी झाली तर झडप पुरती मिटत नाही, आतल्या आगीने हळूहळू जळत जाते, आणि वरून आवाज मात्र काही येत नाही.

लोकांची समजूत याच्या नेमकी उलटी. टकटक ऐकू आली की मालक धावतपळत गाडी घेऊन येई. थंडोबा मात्र अशा गाडीला घाबरत नसे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून त्याची मूठ कानाशी धरी, रेस द्यायला सांगे, रेसबरोबर टकटक वाढते का बघे आणि म्हणे, "बोलतंय ना? बोलतंय तोवर बरं आहे." त्याला काळजी वाटे ती दुसऱ्यांची. कुणी ब्रेकच्या कामाला येई आणि सहज फुशारकी मारी, "इंजिन बघा कसं चाललंय, आहे का काही आवाज?" लगेच थंडोबाचे प्रश्न सुरू होत. सकाळी चटकन चालू होते का? तापल्यावर उभी असताना अंग झटकते का? चढाला पूर्वीसारखी ओढते का? मग तो जुन्या वर्तमानपत्राची पट्टी फाडून सायलेन्सरच्या तोंडाशी धरी. इंजिन धड असेल तर कागद सारखा बाहेरच्या बाजूला फडफडे. पण मध्येच तो चटकन आत ओढला गेला, की थंडोबा पट्टी चुरगाळून टाकी आणि मालकाच्या खांद्यावर हात ठेवी. मालकाला तेवढ्यावरून कळे की झडप जळलीय आणि इंजिनाचं वरचं डोकं, म्हणजे हेड, उघडावं लागणार.

असं सगळं त्याला कळायचं. इंजिनाच्या बाबतीत.

आता त्याच्या भावाचं. गॅरेज वडिलांचं, आणि त्यांच्या मागे ते दोघा भावांनी चालवलं. थोरला हा, आणि धाकटा म्हणजे याच्या अगदी उलट, राग नाकावर आणि हात विजेसारखा. थोरला फट मोजायची पट्टी आत सरकवून, डोळे मिटून ती किती अडते ते बोटांनी जोखत बसे, आणि समोरून धाकटा इंजिन हाताने थोडं थोडं फिरवून देई. "बस" म्हटलं की थांबायचा, "हं" म्हटलं की पुढे फिरवायचा. दिवसभरात दोघांत याहून जास्त शब्द व्हायचेच असं नाही, पण काम बघायला ड्रायव्हर लोक चहा हातात घेऊन उभे राहत.

बिनसलं ते एका पंख्यावरून. सांगूनही कुणाला खरं वाटत नाही.

एक भाड्याची गाडी दुपारी आली. तिच्या ड्रायव्हरला संध्याकाळी लांबच्या गिऱ्हाइकाला घेऊन निघायचं होतं, आणि टॅपेट तर वाजत होते. थोरला जेवायला घरी गेला होता. घर म्हणजे गॅरेजच्या मागच्याच दोन खोल्या. ड्रायव्हर हातापाया पडायला लागला, आणि धाकट्याला कुणी हातापाया पडलं की तो विरघळायचा. त्याने बॉनेट उघडलं, आतून टेबलावरचा पंखा आणला, इंजिनासमोर लावला आणि भरपूर वारा घातला. हात लावून बघितलं तर इंजिन गार. मग काय, लावले टॅपेट. गाडी चालू केली तर आवाज म्हणून नाही. ड्रायव्हर खूश, धाकटा त्याहून खूश.

तेवढ्यात थोरला जेवून आला. त्याने पंखा बघितला. टॅपेट कव्हर पुन्हा खोलून पट्टी घालून बघितली. वरून गार झालेलं इंजिन आतून अजून गरम होतं, आणि अशा कोमट इंजिनात कुठलंच माप खरं लागत नाही. थंड इंजिनाचं माप वेगळं, गरमाचं वेगळं, कोमटाचं कुणीच दिलेलं नसतं. थोरल्याने नुसती मान हलवली आणि धाकट्याकडे न बघता ड्रायव्हरला म्हणाला, "उद्या सकाळी या. मी परत लावून ठेवतो."

चारचौघांत एवढंच. पण धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, त्याला काय सांगतोस? मला सांग. चुकलो असेन तर शिव्या घाल. पण मला बोल."

"आधी थंड हो," थोरला म्हणाला. "मग बोलू."

धाकट्याने हातातला पाना खाली ठेवला, फेकला नाही, ठेवला, आणि निघून गेला. थोरल्याला वाटलं, येईल संध्याकाळपर्यंत. संध्याकाळी वाटलं, आत्ता गेलो तर शब्दाला शब्द वाढेल, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी वाटलं, अजून तापलेलाच असेल. त्याला काय सांगायचं होतं ते त्याच्याजवळ तयार होतं, काही मोठं भाषण नव्हतं ते. चूक सकाळपर्यंत दुरुस्त होईल एवढीच होती, तू जाऊ नकोस, इतकंच. पण हे सांगायलाही वेळ बघावी लागते अशी त्याची समजूत. तो वेळ बघत राहिला आणि धाकट्याने पुलापलीकडे एक शेड भाड्याने घेऊन स्वतःचं गॅरेज टाकलं.

तेव्हापासून थंडोबाच्या तोंडी भावाचं नाव नव्हतं. "पलीकडे" हा एकच शब्द होता.

गंमत अशी, की या शब्दाचं काम फार पडे. काही जुनी इंजिनं अशी असतात की त्यांचे टॅपेट गरम असतानाच लावायचे असतात, आणि तेही इंजिन चालू ठेवून. बनवणाऱ्याने मापच तसं दिलेलं असतं. वरचे सगळे लोखंडी हात नाचत असतात, उकळतं तेल तोंडावर उडतं आणि त्या धुमश्चक्रीत फट जोखायची असते. थंडोबा असल्या इंजिनाला हात लावत नसे. म्हणे, "हे आपल्याकडे होत नाही. पलीकडे न्या." आणि पलीकडे धाकट्याकडे एखादी नाजूक गाडी आली, जिच्यापाशी तास न् तास बसावं लागणार, की तो म्हणे, "एवढा धीर माझ्यात नाही. अलीकडे न्या." वर्षानुवर्षं हे असं चाललं. एकमेकांशी न बोलणारे भाऊ एकमेकांकडे गिऱ्हाइकं धाडत होते, आणि ड्रायव्हर मंडळींना वाटत होतं की ही धंद्याची वाटणी आहे.

धाकट्याने काम केलेली गाडी कधी अलीकडे आली की थंडोबाला सांगावं लागत नसे. कव्हर उघडलं की तो ओळखे. धाकटा नट आवळताना जरा जास्तच आवळायचा, लहानपणापासूनची खोड. थंडोबा तो नट सोडवताना पुटपुटे, "सुधारायचा नाही." आणि त्या दिवशी त्याला जेवण जास्त जाई, हे बायकोच्या लक्षात आलेलं होतं.

त्याने हाताखाली पुन्हा कुणाला ठेवलं नाही. इंजिन फिरवून द्यायला समोर कुणी नाही म्हटल्यावर एकट्याने टॅपेट लावायचे म्हणजे गाडी गिअरमध्ये टाकायची, मागे जाऊन ढकलायची, पुढे येऊन झडपा बघायच्या आणि पुन्हा मागे जायचं. साठीच्या माणसाने हे करायचं म्हणजे बघवत नसे. कुणी म्हणालंच की एखादा माणूस ठेवा, तर तो म्हणे, "बघू."

लग्नकार्यात भेटी होत. दोघे शेजारी शेजारी बसत आणि बेअरिंगांचा दर्जा कसा घसरलाय यावर बोलत. आई गेली तेव्हाही दोघे खांद्याला खांदा लावून उभे होते. तेव्हा बोलता आलं असतं. पण थंडोबाला वाटलं, ही काय वेळ आहे?

मग एक दिवस पाण्याचा टँकर आला. टँकर जुना, टँकरवाला त्याहून जुना. इंजिन चालू ठेवूनच तो खाली उतरला. थंडोबाने लांबूनच ऐकलं, एक टॅपेट बाकीच्यांपेक्षा मोठ्याने वाजत होता, आणि हे इंजिन गरम लावायच्या जातीचं.

"पलीकडे न्या," तो म्हणाला.

"पलीकडे कुणाकडे? तो तर चालला."

"कुठं चालला?"

"लेकीकडे, तिच्या गावी. कायमचा. शेड टायरवाल्याला दिली. आज संध्याकाळच्या रेल्वेनं निघतायत नवराबायको दोघं." टँकरवाला टायरवर पाय ठेवून पुढे म्हणाला, "म्हणून तर तुमच्याकडे आलो. इथून पुढं तुम्ही लावाल का गरम? नाहीतर मी कुठं हिंडू?" मग थंडोबाच्या तोंडाकडे बघून तो जरा चपापला. "तुम्हाला ठाऊक असेलच म्हणा. भाऊ ना तो तुमचा?"

"हो," थंडोबा म्हणाला. "भाऊ."

त्याने इंजिन बंद करायला लावून टँकरवाल्याला बाकावर बसवलं, समोरच्या टपरीवरून त्याच्यासाठी चहा सांगितला आणि मागच्या दाराने घरात गेला. बायको खिडकीशी वाटाणे सोलत बसली होती.

"पलीकडे काय चाललंय, तुला ठाऊक होतं?"

"होतं." तिने हातातली शेंग पुरी केली. "जाऊबाईंचा फोन असतो मला. आम्ही दोघी कुठं भांडलोय?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असता? तुम्हीच सांगा."

काय म्हणाला असता ते दोघांनाही ठाऊक होतं.

"दर वर्षी म्हणते, जाऊन या," ती म्हणाली. "भावजींना काही नको होतं हो तुमच्याकडून. एक शब्द हवा होता. आणि तुम्ही आपले मिठाची गुळणी धरून बसलात."

"डोकं शांत नसताना माणसानं बोलू नये. काहीतरी वेडंवाकडं जातं तोंडातून."

"आणि तुमचं डोकं शांत कधी होतं? झोपेत त्यांना हाका मारता तुम्ही, मला ऐकू येतं. सगळं गाव म्हणतं थंडोबा, थंडोबा. मला विचारा म्हणावं. वरून पंखा लावलाय नुसता."

तो तसाच फिरला आणि गॅरेजमध्ये आला. टँकरवाला बाकावर बशीत चहा ओतून फुंकत होता. कोपऱ्यात कालपासून थंड व्हायला ठेवलेली एक गाडी होती. थंडोबाने सवयीप्रमाणे ठरवलं की आधी हिचं काम करू, मन ताळ्यावर येईल, मग काय ते बघू. कव्हर उघडलेलंच होतं. त्याने पट्टी आत सरकवली आणि डोळे मिटले. पट्टी किंचित अडायला हवी आणि किंचित सरकायला हवी. आज त्याला यातलं काहीच समजेना. कधी वाटे घट्ट आहे, कधी वाटे सैल. त्याने पट्टी काढून पुसली आणि परत घातली. तेच.

तो वाकलेला तसाच राहिला. बायको बोलली ते त्याला लागलं होतं, कारण ते खरं होतं. इतकी वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की निवू दे, मग बोलू. पण त्याने ते निवू कुठं दिलं होतं? रोज आठवायचं, रोज थोडं तापवायचं आणि रोज त्यावर वारा घालायचा. ना धड भांडला, ना धड विसरला. कोमट ठेवलं सगळं. दुसऱ्या कुणी असं इंजिन आणलं असतं तर त्याने हात लावला नसता. आणि आता उद्या म्हणायचं तर उद्या पुलापलीकडे टायरवाला बसलेला असेल. त्याला भीती वाटली. तापलेल्या माणसाची वाटते तशी नाही, उशीर झाल्याची.

त्याने पट्टी खिशात टाकली, एक पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेतला आणि टँकरवाल्यासमोर जाऊन उभा राहिला.

"चला."

"कुठं?"

"पलीकडे. जाता जाता इंजिन तापेल."

टँकरवाला चहा टाकून उठला. थंडोबाला घाईने चालताना त्याने आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं असावं, कारण गाडीत बसल्यावरही तो त्याच्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होता. पुलावर गर्दी होती. टँकर थांबत थांबत चालला होता आणि थंडोबाच्या मनाने लगेच पळवाटा काढायला सुरुवात केली. काय म्हणायचं ते ठरवलेलं नाही. घरात निघायची गडबड असेल, त्यात आपण कशाला? तो लेकीकडे पोचल्यावर फोन करता येईल, फोनवर बोलणं सोपं जातं. टँकरवाल्याला म्हणावं का, राहू दे, वळवा? त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण टँकर पुलावर वळवता येत नाही, हे त्याचं नशीब.

पलीकडची शेड झाडून लख्ख केलेली होती. भिंतीवरची हत्यारांची फळी रिकामी होती. दाराशी गाठोडी, ट्रंका आणि दोरीने आवळलेली एक खुर्ची होती, आणि त्या सामानाच्या मध्ये धाकटा प्रवासाचा धुतलेला सदरा घालून, दाढी करून उभा होता. टँकर बघून तो "आता नाही, आता बंद" म्हणणार होता. मग दुसऱ्या बाजूने दादा उतरला.

धाकट्याचा चेहरा उतरला. "काय झालं? वहिनी बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. सगळं ठीक आहे." थंडोबाने टँकरकडे बोट दाखवलं. "ह्याचे टॅपेट लावायचेत."

"आत्ता?"

"तापलंय. आत्ताच लागतील."

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. "तू लावणार? गरम इंजिन?"

"मला येत नाही. तुला येतं."

"दादा, हत्यारं बांधली मी सगळी."

"मी आणलीत."

धाकट्याने आधी टँकरकडे बघितलं, मग सामानाकडे. मग सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. आतून त्याची बायको दारात येऊन ओरडली, "अहो, ते कपडे! बॅगेत दुसरे नाहीयेत आता!" पण तोवर तो बंपरवर चढला होता. थंडोबाही चढला, गुडघा धरत. कव्हर खोललं, टँकरवाल्याने इंजिन चालू केलं आणि सगळे टॅपेट एकदम नाचायला लागले. गरम तेलाचा पहिला शिंतोडा धाकट्याच्या पांढऱ्या छातीवर पडला.

पट्टी धाकट्याकडे, पाना थंडोबाकडे. इतक्या वर्षांनी दोघांचे हात पुन्हा एका इंजिनात होते. धाकटा पट्टी सरकवी, मान हलवी, थंडोबा नट सैल करी, स्क्रू किंचित फिरवी, धाकटा पुन्हा मान हलवी आणि नट आवळला जाई. थंडोबाला तेल चटचट भाजत होतं. आवाज एवढा होता की स्वतःचा विचारही ऐकू येऊ नये, आणि कदाचित म्हणूनच त्याला ते जमलं.

"छोट्या," तो म्हणाला, "त्या दिवशी मी तुला थांबवायला हवं होतं."

"काय?" धाकटा ओरडला.

"थांबवायला हवं होतं म्हटलं! तुला!"

"ऐकू येत नाही!"

थंडोबाने आयुष्यात आवाज चढवला नव्हता. गिऱ्हाइकावर नाही, बायकोवर नाही, रस्त्यात आडव्या आलेल्या माणसावरसुद्धा नाही. ओरडायचं कसं हेच त्याला नीट येत नव्हतं. त्याने इंजिनावरून मान पुढे काढली आणि सगळा दम एकवटून ओरडला.

"तू गेल्यापासून मला तिथं करमलं नाही! एक दिवस नाही! पंखा गेला खड्ड्यात, टॅपेट गेले खड्ड्यात! मला तू हवा होतास रे!"

आवाज शेवटी फाटला. टँकरवाला खिडकीतून बाहेर वाकला होता. धाकट्याची बायको दारात तोंडावर हात घेऊन उभी होती. शेजारच्या दुकानातली दोन माणसं रस्त्यावर आली होती.

धाकट्याने टँकरवाल्याला हाताने खूण केली. टँकरवाल्याने इंजिन बंद केलं. एकाएकी इतकं शांत झालं की कव्हराच्या कडेवरून गळणाऱ्या तेलाचा थेंब न् थेंब ऐकू यायला लागला. धाकटा पट्टी सदऱ्याला पुसत राहिला. सदरा पार गेला होता, गालावर तेल होतं, आणि डोळे तेलाने चुरचुरत होते की आणखी कशाने, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

"ऐकलं होतं मी," तो म्हणाला. "पहिल्याच वेळी."

"मग परत परत का वदवलंस?"

"बरोबर न्यायला, दादा," धाकटा म्हणाला. "बाकीचं सामान सगळं बांधून झालंय."